विषाला गाव असतं

“मन्हं पोट दुखस,” म्हणत तो मागच्या दाराच्या उंबऱ्यावर येऊन बसला, तेव्हा पुरतं उजाडलंही नव्हतं. १९७८ चा श्रावण. मी दहा वर्षांची, तो बारा. आमचे सालदार जिभाऊ, त्यांचा हा थोरला पोरगा. पावसाळ्यात बापाबरोबर खळ्यात बैलांपाशी झोपायचा, जमिनीवर पोतं अंथरून. मोठमाय चुलीला जाळ घालत होती. मला म्हणाली, ओवा आण. मी फडताळातला डबा काढला, चिमूटभर ओवा आणि मिठाचा खडा त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं तो चावून खाल्ला, वर पाणी प्यायला आणि भिंतीला टेकून बसला.

थोड्या वेळानं म्हणाला, डोळे उघडत नाहीत. मोठमायला वाटलं, रात्री झोप झाली नसेल. निजू दे म्हणाली. मी त्याच्यासमोरच बसले होते. त्याच्या पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या, आणि माझ्याकडं बघायचं तर तो हनुवटी वर करून, पापण्यांच्या खालून बघत होता. मग त्याला आवंढा गिळता येईना. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळायला लागली, तेव्हा कुणीतरी पहिल्यांदा साप हा शब्द काढला. अंग तपासलं. कुठं दाताची खूण नाही, सूज नाही, रक्ताचा थेंब नाही. कडुनिंबाचा पाला चावायला दिला. पाला कडू लागला तर इख चढलेलं नाही असं धरतात. पण त्याचा जबडाच हलत नव्हता. मारुतीच्या पारावर नेलं, उतारा झाला, आणि चोपड्याला न्यायला बैलगाडी जुंपली तेव्हा दुपार कलली होती. गाडी अर्ध्या वाटेवरून परत आली.

त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. जिभाऊ अजून आहेत.

पुण्यात एम.एस्सी. करताना लायब्ररीत मण्यारीच्या दंशाचं वर्णन माझ्या वाचनात आलं. रात्रीचा दंश, जमिनीवर झोपलेला माणूस, दुखणं जवळजवळ नाहीच, खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे पोटात कळा. मग पापण्या उतरतात, गिळणं थांबतं, शेवटी श्वासाचे स्नायू. ओळीमागून ओळ मी ते उंबऱ्यावरचं पोरगं बघत होते. पुढचं वाक्य मात्र मला ठाऊक नव्हतं. रोग्याची शुद्ध बराच काळ कायम राहते. हात हलत नाही, डोळा उघडत नाही, बाहुल्यासुद्धा मोठ्या होऊन उजेडाला दाद देत नाहीत. डॉक्टरांनाही मेंदू मेल्यासारखा वाटावा अशी अवस्था, आणि आतला माणूस ऐकत असतो. पारावर त्याच्याभोवती जे बोलणं चाललं होतं, त्याची आई जे म्हणत होती, ते तो ऐकत होता. मी पुस्तक मिटून बाहेर येऊन बसले. माझ्या आयुष्याची दिशा त्या दुपारी ठरली, एवढं मी खात्रीनं सांगू शकते.

मण्यारीच्या विषात बीटा-बंगारोटॉक्सिन नावाचं प्रथिन असतं. मज्जातंतूचं टोक स्नायूला जिथं भिडतं तिथं ते जातं आणि ते टोकच निकामी करून टाकतं. रक्तात फिरणारं विष प्रतिविषाला पकडता येतं. तंतूच्या टोकाचं एकदा नुकसान झालं की ते टोक शरीराला नव्यानं घडवावं लागतं, आणि त्याला दिवस लागतात. तितके दिवस कुणीतरी त्या माणसाचा श्वास चालू ठेवायला हवा, व्हेंटिलेटरनं, नाहीतर हातानं अँबू बॅग दाबून. म्हणून मण्यारीच्या बाबतीत पहाटेच्या त्या पहिल्या तासांना एवढी किंमत आहे. आमचे ते तास ओव्यात आणि पारावर गेले. मोठमाय तिच्या परीनं बरोबर होती, तिला कुणी शिकवलंच नव्हतं. पण डब्याचं झाकण उघडणारा हात माझा होता, आणि ओव्याचा वास आला की अजूनही मला ती पहाट दिसते.

सापाच्या विषावरच्या या औषधाला आम्ही प्रतिविष म्हणतो, दवाखान्यात एएसव्ही म्हणतात, गावात सापाचं इंजेक्शन. आल्बेर काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८९५ च्या सुमाराला ते पहिल्यांदा करून दाखवलं. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली, मूळ रीत तीच आहे. घोड्याला विषाची अगदी थोडी मात्रा टोचायची, हळूहळू वाढवत न्यायची. घोड्याचं शरीर त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे विषाला पकडणारी प्रथिनं, तयार करतं. मग रक्त काढून त्यातला प्लाझ्मा घ्यायचा, प्रतिपिंडं वेगळी करायची, पेप्सिन या पाचक विकरानं त्यांचा नको असलेला भाग तोडायचा आणि उरलेलं गोठवून वाळवून बाटलीत भरायचं.

घोडा म्हटलं की खान्देशातल्या माणसाला सारंगखेडा आठवतं. दत्तजयंतीला तापीकाठी यात्रा भरते, देशभरातून घोडे येतात. लहानपणी आबांचं बोट धरून मी तिथं फिरले आहे. घोड्यांच्या अंगाचा तो उबदार, गवताचा वास मला फार आवडायचा. पुढं कामानिमित्त प्रतिविषासाठी पाळलेल्या घोड्यांच्या तबेल्यात पहिल्यांदा गेले, तेव्हा तोच वास आला. एका तपकिरी घोड्याच्या मानेवरून हात फिरवला तर टोचणीच्या जागी बोटाला गाठी लागल्या. त्यानं मान बाजूला घेतली नाही. प्रतिविष सुधारायचं म्हणजे दंश झालेल्या माणसाइतकंच या जनावराचंही काही देणं आपल्यावर आहे, हे तेव्हापासून माझ्या मनात पक्कं आहे. कारण बाटलीत जी प्रतिपिंडं असतात त्यातला थोडाच भाग विषाला भिडतो. बाकीची त्या घोड्यानं त्याच्या जन्मात दुसऱ्या जंतूंविरुद्ध, धुळीविरुद्ध तयार केलेली असतात. ती आपल्या कामाची नाहीत, उलट माणसाच्या अंगात गेल्यावर रिॲक्शनचा धोका वाढवतात. आणि नाग-मण्यारीच्या विषातली काही प्रथिनं इतकी छोटी असतात की घोड्याचं शरीर त्यांची पुरती दखलच घेत नाही. माणसाला सगळ्यात लवकर मारणारी तीच.

आपल्या बाटलीवर चार साप असतात: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. एक मिलिलिटर औषध नागाचं किंवा घोणसीचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करतं, मण्यारीचं किंवा फुरशाचं ०.४५. बाटली दहा मिलिलिटरची, म्हणजे एका बाटलीत घोणसीचं ६ मिलिग्रॅम विष भागतं. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते असं धरतात, म्हणून सुरुवातीलाच आठ ते दहा बाटल्या. लहान लेकरालाही तेवढ्याच, कारण साप समोरच्याचं वय बघून विष कमी सोडत नाही. हा हिशेब मी शेकडो डॉक्टरांपुढं फळ्यावर मांडला आहे. मांडताना दरवेळी एका आकड्यापाशी माझा खडू थांबतो. ०.६ मिलिग्रॅम. कुठल्या घोणसीचं?

हा प्रश्न मला प्रयोगशाळेत पडला नाही. खान्देशातल्याच एका ग्रामीण रुग्णालयात, एका जुलैच्या संध्याकाळी पडला. कपाशी निंदायला गेलेली बाई होती, पस्तिशीची. पायाच्या घोट्यावर दोन ठळक खुणा, पाय गुडघ्यापर्यंत सुजून चकाकत होता. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते, तिच्या नवऱ्यानं तो आवाज ऐकला होता. अशा वेळी रोग्याच्या उशाशी एक सोपी चाचणी करतात. कोरड्या, नव्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं हात न लावता ठेवायचं. मग नळी एकदाच तिरकी करायची. रक्ताची गाठ जमली तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर विष अंगात चढलंय. यात नळी काचेचीच लागते. रक्त गोठायची सुरुवात काचेच्या स्पर्शानं होते, प्लास्टिकमध्ये निकाल फसवा येतो. त्या रुग्णालयात सगळ्या नळ्या प्लास्टिकच्या होत्या. माझ्या पिशवीत काचेच्या नळ्यांचा डबा असायचा, अजूनही असतो.

आम्ही नळी खिडकीच्या कट्ट्यावर उभी केली. नवरा भिंतीला टेकून उभा होता आणि त्या नळीकडं बघत होता. वीस मिनिटांनी मी ती तिरकी केली. लाल रक्त काचेवरून सरळ खाली उतरलं.

बाटल्या सहाच होत्या. बाकीच्या शेजारच्या तालुक्यातून यायच्या होत्या. वाळवलेलं औषध पाणी घालून विरघळवावं लागतं. जोरात हलवलं तर फेस होतो, म्हणून दोन तळव्यांत बाटली धरून रवीसारखी हळूहळू फिरवायची. एका बाटलीला कितीतरी मिनिटं जातात. सिस्टर सलाईन बघत होत्या, मी बाटल्या फिरवत होते. रिॲक्शन आली तर हाताशी असावं म्हणून ॲड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून ठेवलं होतं. रात्री उशिरा उरलेल्या चार आल्या. सहा तासांनी पुन्हा नळी लावली, कारण यकृताला रक्त गोठवणारे घटक नव्यानं तयार करायला तेवढा वेळ लागतोच. नळी तिरकी केली आणि रक्त पुन्हा वाहिलं. आणखी दहा बाटल्या मिळवल्या, दिल्या. पहाटेपर्यंत तिची लघवी बंद झाली, मूत्रपिंडं गेली. तिला डायलिसिससाठी जिल्ह्याला हलवलं. ती वाचली, पण निंदणीला ती पुन्हा उभी राहू शकली नाही.

ती रात्र माझ्या डोक्यातून गेली नाही. औषध बनावट नव्हतं, मुदतीतलं होतं, थंड ठेवलेलं होतं. डॉक्टर तरुण होता, पण त्यानं काही चुकीचं केलं नाही. मग कमी कुठं पडलं?

भारतात प्रतिविषासाठी लागणारं बहुतेक विष तमिळनाडूतून येतं. महाबलीपुरमजवळ इरुला समाजातल्या साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था आहे. रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकारानं ती १९७८ मध्ये सुरू झाली. आमच्या खळ्यातला तो श्रावण आणि ही संस्था एकाच वर्षातली. सापांच्या कातडीचा व्यापार बंद झाल्यावर ज्यांची रोजीरोटी गेली, त्यांनीच आपल्या पिढीजात ज्ञानावर हे काम उभं केलं. साप पकडतात, साधारण तीन आठवडे मडक्यात ठेवतात, आठवड्याला एकदा विष काढतात, पोटाच्या खवल्यावर खूण करून सोडून देतात. त्या समाजातल्या मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मी घरात पेढे वाटले. देशात सापाच्या इंजेक्शनानं जी माणसं वाचली, त्यातल्या बहुतेकांच्या अंगात या लोकांच्या हातचं काम गेलेलं आहे.

पण त्यांचे साप त्यांच्या मुलखातले. आमची घोणस केळीच्या बागेतली, तापीच्या काळ्या मातीतली, मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसणारी. विष म्हणजे सापाची शिकार करायची आणि पचवायची साधनं. जसं भक्ष्य, जसं हवामान, तसं ते पिढ्यान्‌पिढ्या बदलत जातं. पिल्लाचं वेगळं, मोठ्या सापाचं वेगळं. परवानगी काढून खान्देशातल्या घोणसींचं विष जमवलं, विषातली प्रथिनं सुटी करून पट्ट्यांत दाखवणाऱ्या जेलवर दक्षिणेतल्या विषाशेजारी चालवलं, त्या दिवशी मी त्या निळ्या पट्ट्यांकडं बराच वेळ बघत राहिले. काही जुळत होत्या. काही एका बाजूला जाड होत्या, दुसऱ्या बाजूला जेमतेम दिसत होत्या. नाव एकच, साप एकच, आणि विषाची घडण निराळी.

हे एकट्या माझ्या डोळ्यांवर सोडायची गरज आता नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या गटानं हे काम फार पुढं नेलं आहे. त्यांचं २०२५ चं संशोधन मी पुन्हा पुन्हा वाचते. देशातल्या ३४ ठिकाणच्या ११५ घोणसींच्या विषाचा अभ्यास. कोरड्या मुलखातल्या घोणसीच्या विषात प्रथिनं तोडणाऱ्या विकरांचा जोर जास्त दिसला. कोरडा मुलूख म्हणजे काय, हे आम्हाला कुणी सांगायला नको. त्या बाईचा चकाकणारा पाय मला आठवला.

म्हणून सांगते, विषाला गाव असतं. प्रतिविषालाही ते असायला हवं. घोड्याला टोचायच्या विषात तमिळनाडूबरोबर खान्देश हवा, राजस्थान हवा, बंगाल हवा. यात अडचणी खऱ्या आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळं सापाला हात लावायलाही परवानगी लागते, आणि ती लागायलाच हवी. पण एका कार्यालयात माझा अर्ज दोन पावसाळे पडून होता. दोन पावसाळे म्हणजे किती माणसं, हे त्या टेबलावर कुणी मोजलं नव्हतं.

मोजणं हीच तर मोठी गोष्ट आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. हा अंदाज दवाखान्याच्या कागदांवरून आलेला नाही. घरोघरी जाऊन मरणाची हकीकत विचारून काढलेला आहे, कारण यातली बरीच माणसं दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत. गेलेल्यांत चौथा हिस्सा पंधरा वर्षांखालच्या लेकरांचा. जिभाऊंच्या पोराची सर्पदंश म्हणून कुठंही नोंद नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असं ठरवलं, आणि त्याच वर्षाच्या शेवटी राज्यांना सर्पदंश हा नोंद सक्तीचा आजार करायला सांगितलं. ती बातमी वाचून माझे डोळे भरून आले. प्रत्येक दंश, प्रत्येक मरण कागदावर येणार असेल, तर कुठल्या तालुक्यात किती बाटल्या पोचवायच्या हे निदान कळेल तरी.

नवं शास्त्रही वेगानं येतंय. २०२४ मध्ये घोड्याशिवाय, प्रयोगशाळेत घडवलेल्या एका प्रतिपिंडानं नाग-मण्यारीच्या कुळातल्या त्या छोट्या घातक विषांना उंदरांमध्ये अडवल्याचं प्रसिद्ध झालं. त्यात बंगळूरचा सहभाग होता. २०२५ मध्ये संगणकावर आराखडा करून बनवलेली प्रथिनं आली. व्हॅरेस्प्लॅडिब हे औषध तोंडानं घेता येतं, माणसांवर त्याच्या चाचण्या झाल्या आहेत. शेताच्या बांधावरच एखादी गोळी देऊन दवाखाना गाठेपर्यंत वेळ मिळवता येईल, ही कल्पना मला फार मोलाची वाटते. घोणसीचं कोडं मात्र अवघड आहे. तिच्या विषात एवढी वेगवेगळी विकरं एकाच वेळी काम करतात की एका कुलपाची एक किल्ली पुरत नाही. माझ्या विद्यार्थिनी त्यावर काम करताहेत, आणि त्यांच्यातली एक शिरपूरची आहे.

गावात मी दरवर्षी पावसाळ्याआधी जाते. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा, रात्री बॅटरीशिवाय पाय बाहेर टाकू नका, दंशाच्या जागी कापू नका, आवळून बांधू नका. आणि पहाटे कुणाचं पोट दुखून पापण्या जड झाल्या तर ओवा देत बसू नका, १०८ ला फोन करा. हे शेवटचं सांगताना माझा आवाज बदलतो, गावकऱ्यांनाही ते माहीत आहे. डोंगराच्या पायथ्याच्या एका पाड्यावरच्या भगताशी मी तीन वर्षं बोलत होते. त्यांच्याकडं येणाऱ्या बऱ्याच जणांना बिनविषारी साप चावलेला असतो, किंवा विषारी सापानं विष सोडलेलंच नसतं, ती माणसं बरी होतात आणि मंत्रावरचा विश्वास वाढतो. मी त्यांना मंत्र सोडा म्हटलं नाही. गाडीत बसवा आणि मग म्हणा, एवढंच म्हटलं. आता ते स्वतः रोग्याबरोबर गाडीत बसतात.

गेल्या श्रावणात सर्पमित्राचा फोन आला, तुमच्या जुन्या खळ्यात लाकडांच्या ढिगाखाली मण्यार निघाली आहे. कागदपत्रं होती, माणसं सोबत होती. मण्यार दिवसा किती शांत असते! काळीनिळी, अंगावर पांढरे बारीक पट्टे, डोकं वेटोळ्याखाली दडवलेलं. तिचे दात आखूड असतात, म्हणून कुपीच्या तोंडावर अगदी पातळ पडदा ताणावा लागतो. तिनं तो चावला. काचेच्या आतून पाण्यासारखा स्वच्छ थेंब उतरला, मग दुसरा. एवढंच. सारंच विष तेवढं असतं. तिला लगेच पिशवीत घालून सातपुड्याकडं सोडायला पाठवलं.

जिभाऊ काठी टेकत आले होते. ऐंशी कधीच ओलांडलेली. नजर अधू झाली आहे, म्हणून मी कुपी त्यांच्या डोळ्यांजवळ नेली. त्यांनी बराच वेळ बघितलं.

“हाई आपला गावनं इख शे?”

हो म्हटलं.

लेबलवर ठिकाणाच्या रकान्यात मी तालुका लिहून थांबले होते. त्यापुढं गावाचं नाव लिहिलं, आणि त्याच्यापुढं, बारीक अक्षरात, बैलांचं खळं. कुपी बर्फात ठेवली, आणि जिभाऊंचा हात धरून त्यांना ओट्यावर नेऊन बसवलं.